मलाक्काच्या पेरानाकान संग्रहालयाची ओळख : प्रकल्प नोंदी, २०२५

६ जानेवारी

मलेशियातल्या मलाक्काचं काम आज अधिकृतपणे हाती आलं. जुन्या व्यापारी पेठेतल्या एका अरुंद, लांबलचक घरात पेरानाकान संस्कृतीचं छोटं संग्रहालय उभं राहतं आहे. घर आणि संग्रह एका खासगी न्यासाचा. सिंगापूरच्या आमच्या स्टुडिओकडे सगळी दृश्य ओळख करायचं काम आहे: लोगो, रंग, अक्षरं, पाट्या, तिकीट, दुकानातली वेष्टनं, संकेतस्थळाचा साचा. दरवाजे सप्टेंबरात उघडायचे आहेत.

ज्यांना हा समाज ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्यापारासाठी समुद्रापलीकडून आलेले पुरुष मलय मुलखात स्थायिक झाले, तिथल्याच बायकांशी त्यांचे संसार झाले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पेरानाकान म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. चिनी वंशाच्या घरातला पुरुष तो बाबा आणि बाई ती न्योन्या. तमिळ व्यापाऱ्यांचे हिंदू वंशज म्हणजे मलाक्काचे चिट्टी. भारतीय मुसलमान आणि मलय यांच्या घरांतून आलेले ते जावी पेरानाकान. देवधर्म आपापला, पण घरातली बोली मलय, बाईच्या अंगावर सारोंग-केबाया (खाली लुंगीसारखं नेसलेलं सारोंग, वर पुढून उघडी, पोलक्यासारखी केबाया) आणि मसाला पाट्यावर वाटलेला, हे तिन्हीकडे. आमच्या विश्वस्तांत या तिन्ही समाजांची माणसं आहेत. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मागणीपत्रात एक वाक्य आहे: ‘पाहताक्षणी पेरानाकान वाटलं पाहिजे.’ त्याखाली मी रेघ मारून ठेवली. कारण आज पाहताक्षणी पेरानाकान वाटतं ते एकच: फिकट गुलाबी, फिरोजी, फीनिक्स पक्षी, पिओनीचं फूल आणि टाइलची नक्षी. बिस्किटांच्या डब्यांवर तेच, फोनच्या कव्हरांवर तेच. हे सगळं खरं आहे, सुंदरही आहे, पण ते तीनपैकी एकाच समाजाच्या घरातल्या एकाच फडताळातून आलेलं आहे.

१३ जानेवारी

आज भोगी. मलाक्कात गाजा बेरांग रस्त्यालगतच्या चिट्टी वस्तीत विश्वस्त अंकलनी घरी बोलावलं होतं. पोंगलच्या आदल्या दिवशी चिट्टी घरांत ‘पार्चू’ असतं. केळीची पानं मांडून पूर्वजांना जेवण वाढायचं, मग घरच्यांनी बसायचं. पितरांचं पान आपल्याला नवं नाही, फक्त ते आपण भाद्रपदात वाढतो आणि भोगीला लेकुरवाळी भाजी आणि तिळाची भाकरी करतो. इथे भोगी हाच पितरांचा दिवस.

देवघरात हिंदू देव, समोर हात जोडून उभ्या असलेल्या बाया केबाया घातलेल्या, आणि आपसात बोलणं मलयमध्ये. कॅमेरा मी पिशवीतच ठेवला. जेवण झाल्यावर अंकल म्हणाले, “पोस्टरवर फीनिक्स दिसला की आमच्या वस्तीतली पोरं म्हणतात, हे बाबा लोकांचं असेल, आपलं नाही. तिकीट काढून कोण जाईल मग?”

संध्याकाळी जालान तुकांग एमासवर गेले. चिट्टींचं पोय्याथा विनायगर मूर्ती मंदिर तिथे १७८१ पासून आहे. त्याच रस्त्यावर कांपुंग क्लिंग मशीद, आणि थोडं पुढे चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. तीनही समाज इतके शेजारी राहिलेत. लोगो मात्र एकाचाच करायचा, हे मला पटणार नाही. आजची नोंद म्हणून एवढं पक्कं: चिन्ह असं हवं की अंकलच्या वस्तीतला मुलगा त्याला आपलं म्हणेल.

२२ जानेवारी

संदर्भ बघण्याचे दिवस. सिंगापुरातल्या आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियममध्ये पुन्हा जाऊन आले. इमारत १९१२ ची, मूळची ताओ नान शाळेची. संग्रहालय तिथे २००८ साली सुरू झालं आणि दीर्घ नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये परत उघडलं. पेनांगचं (मलेशियातल्या बेटावरचं) ते मण्यांचं टेबलक्लॉथ बघत बराच वेळ उभी राहिले. दहा लाखांहून जास्त काचमणी, फुलं, पक्षी, प्राणी. मग नील रोडवरचं निळ्या दर्शनी भिंतीचं बाबा हाउस. पेनांगची हिरवी हवेली आणि मलाक्कातलं हीरन स्ट्रीटवरचं (आताचा जालान तुन तान चेंग लॉक) बाबा-न्योन्या संग्रहालय आधी पाहिलेलं आहे, त्याच्या टिपणांवर काम भागेल.

ही सगळी ठिकाणं म्हणजे मुळात घरं किंवा शाळा. प्रत्येकाला एक दर्शनी भिंत आहे, भिंतीला रंग आहे, आणि लोक त्या रंगावरूनच ठिकाण लक्षात ठेवतात. आमच्या घराची भिंत चुन्याची, पांढरी. वारसाक्षेत्रात (मलाक्का आणि पेनांगचं जॉर्ज टाउन जुलै २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत) भिंत रंगवून लक्ष वेधण्याचा विचारसुद्धा मला करायचा नाही. ओळख भिंतीबाहेरच उभी करावी लागणार.

४ फेब्रुवारी

टाइलचा पर्याय आज रद्द.

तरुण सहकाऱ्याने टाइलवरून चांगली रेखाटनं केली होती, म्हणून कारण नीट लिहून ठेवते. दर्शनी भिंतीच्या खालच्या भागात आणि पायऱ्यांवर बसवलेल्या या उठावाच्या, चकचकीत, सहा इंची चौकोनी टाइल्स आधी इंग्लंड-बेल्जियमहून आल्या, पुढे जपानहून. त्याच जपानी कारखान्यांनी त्या काळी भारतातही माल पाठवला. चेट्टिनाडच्या वाड्यांत त्या आहेत, मुंबईच्या जुन्या घरांत आहेत. भारतीय गिऱ्हाइकांसाठी त्यांनी लक्ष्मी-कृष्णाच्या, रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या वळणाच्या टाइल्ससुद्धा काढल्या. म्हणजे टाइल पेरानाकान घरात आहे, पण ती तिथली खूण होऊ शकत नाही. ती त्या काळच्या आशियाई बंदरांतल्या सधन घरांची खूण आहे. दालनात तिला जागा द्यावी, कारखान्याच्या शिक्क्यासकट, लोगोत नको.

१४ फेब्रुवारी

चाप गो मे, म्हणजे चिनी नववर्षाचा पंधरावा, शेवटचा दिवस, परवाच झालं, न्यासाची माणसं चिनी नववर्षाच्या गडबडीतून मोकळी झाली आहेत. आज पोर्सिलेनची कपाटं उघडून मिळाली.

न्योन्या पोर्सिलेन चीनमध्ये, जिंगदेझेनच्या भट्ट्यांत, इथल्या गिऱ्हाइकांसाठी बनायचं; बहुतेक माल १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि २० व्याच्या सुरुवातीचा. झाकणाचं मोठं भांडं ते कामचेंग, त्याच्या झाकणावर मूठ म्हणून सिंह बसलेला. लहान झाकणाचं ते चुपू. तळाशी दुकानांचे शिक्के.

यातला गुलाबी रंग सोन्यापासून येतो. काचेच्या मुलाम्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांतून तो गडद, किंचित जांभळ्याकडे झुकणारा गुलाबी उतरतो. आज बाजारात पेरानाकान म्हणून जो फिकट गुलाबी दिसतो तो याच्या जवळपासही नाही. ठरलेल्या प्रकाशाच्या दिव्याखाली, मोजणीयंत्राने नोंदी घेतल्या. हिरवा, फिरोजी, पिवळा, विटकरी लाल, सगळे एकमेकांना भिडवलेले. कुठेही मोकळी जागा दिसली की तिथे फुलपाखरू काढलेलं. संकोच नावाला नाही या भांड्यांत, आणि मला त्यांचा हा थाट फार आवडतो.

दुसऱ्या कपाटात मात्र नुसती निळी-पांढरी भांडी. मी विचारलं, ही रोजच्या वापरातली का? सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “रोजची, आणि पूर्वजांच्या पूजेची, आणि सुतकातली.” रंगांचं खरं प्रकरण इथे आहे हे तेव्हा जाणवलं. पुढच्या भेटीत थोरल्या बीबिकना (वयस्कर न्योन्या बाईला आदराने बीबिक म्हणतात) भेटायचं ठरवलं.

२४ फेब्रुवारी

मण्यांचं काम करणाऱ्या कारागिरांकडे सकाळ गेली. कासोत मानेक म्हणजे मणी भरलेल्या सपाता. लाकडी चौकटीवर कापड ताणून, बारीक सुईने एकेक मणी टाचायचा. जुने मणी युरोपातून यायचे, आणि नक्षीसुद्धा कित्येकदा युरोपातल्या लोकरी भरतकामाच्या छापील तक्त्यांवरून घेतलेली. म्हणून न्योन्याच्या सपातेवर गुलाब येतो, कधी कुत्रंही येतं. दुरून आलेल्या कशालाही ही माणसं बिचकत नव्हती. घ्यायची आणि इतक्या बारकाईने परत करायची की ते त्यांचंच व्हायचं.

आमच्या कामापुरता उपयोग: सगळ्यात लहान आकारात लोगो कसा दिसतो याची चाचणी मी पडद्याआधी मण्यांत करायची ठरवली आहे. मण्यांच्या थोड्या ओळींत ओळखू आला तर ब्राउझरच्या टॅबवर सोळा पिक्सेलांतही ओळखू येईल.

६ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

थोरल्या बीबिक विश्वस्तांमध्ये नाहीत, पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो. मी रंगांचे कागदी तुकडे घेऊन गेले होते: भांड्यांवरून मोजलेले, केबायांवरून मोजलेले, आणि बाजारात चालतात ते फिकट रंगही. टेबलावर पसरले आणि म्हटलं, “बीबिक, यातले तुमचे कोणते?”

त्यांनी आवडीने निवडलेच नाहीत. ढीग करायला लागल्या. लाल, गडद गुलाबी, केशरी, पिवळा एकीकडे: लग्न, नवं वर्ष, वाढदिवस. काळा आणि पांढरा वेगळा: घरात मृत्यू झाला की. मग निळे: सुतक पुढे सरकलं की. आणि हिरवा सगळ्यांत शेवटी. “हिरवा अंगावर आला म्हणजे तीन वर्षं भरत आली. त्यानंतर बाई परत लाल नेसू शकते.” दागिनेही तसेच. केबायाला गुंड्या नसतात, पुढून तीन केरोसांगांनी, म्हणजे दागिन्याच्या पिनांनी, ती जोडतात. एरवी सोन्यात बसवलेले हिरे, सुतकात चांदी आणि मोती. मोती म्हणजे अश्रू, असं त्या म्हणाल्या.

मी कामचेंगवरच्या हिरव्याबद्दल विचारलं, तो तर लग्नातल्या भांड्यांवर भरभरून आहे. त्या म्हणाल्या, तिथे तो गुलाबीच्या शेजारी आहे. एकटा हिरवा वेगळा, गुलाबीच्या सोबतचा वेगळा. हे माझ्यासाठी फार मोठं होतं. आपल्याकडे हिरवा चुडा म्हणजे सौभाग्य. माझ्या मराठी डोळ्याला पांढऱ्या कागदावरचा एकटा हिरवा लग्नपत्रिकेलाच शोभला असता.

शेवटी फिकट तुकडे उरले. बीबिकनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारलं, “हे कुठल्या दिवशी नेसायचे?”

त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तुकडे यादीतून गेले. या प्रकल्पाचा रंगांचा नियम आज ठरला. रंगांना क्रमांक असतीलच, पण प्रत्येक रंगाच्या नावापुढे तो कोणत्या प्रसंगी वापरायचा आणि कोणाच्या शेजारी ठेवायचा हे लिहिलेलं असेल. दोन संच: एक मंगलाचा, एक सुतकाचा. पूर्वजांच्या वेदीचं दालन, श्रद्धांजलीची पत्रकं, निधनवार्ता दुसऱ्या संचात. आमंत्रणं, लग्नाचं दालन, दुकान पहिल्या संचात. या माणसांनी रंग नियमाने जगलेत. त्यांना नुसती सजावट करून टाकणं मला अन्याय वाटतो.

१२ मार्च

चिन्ह सापडलं आहे असं वाटतंय.

न्यासाच्या संग्रहातले सारोंग आज जमिनीवर पसरून बघितले. बरेच जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचे, पेकालोंगानच्या बाटिक (मेण लावून कापड रंगवायच्या) कारखान्यांतले. त्यांतले काही एलिझा फान झाउलेन (१८६३-१९४७) यांच्या पद्धतीचे, युरोपीय पुष्पगुच्छांचे. सारोंगाची रचना ठरलेली असते. मोठा भाग तो ‘बादान’, अंग. आणि त्यात एक उभा वेगळा पट्टा, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याचा, तो ‘केपाला’, डोकं. जुन्या सारोंगांत केपालावर ‘तुम्पाल’ असतात: लांब, निमुळत्या त्रिकोणांच्या दोन रांगा, टोकं समोरासमोर, मधे अरुंद गल्ली.

हा तुम्पाल जावाच्या बाटिकवर आहे. मलय सोंगकेतच्या जरीकामात तोच बांबूच्या कोंबाच्या नावाने आहे. आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून या बेटांसाठी शतकानुशतकं जे छापील-रंगीत सुती कापड यायचं, त्याच्या पदरांवरही त्याच दातेरी रांगा. म्हणजे चिट्टींचे पूर्वज ज्या किनाऱ्यावरून आले तिथलं कापड, मलय विणकर, जावाचे रंगारी आणि नेसणारी न्योन्या, सगळ्यांच्या अंगावरून हा आकार गेलेला आहे. आपल्या विदर्भातल्या करवतकाठीचे दाते त्याच्या लांबच्या नात्यातले म्हणावेत इतके ओळखीचे वाटतात.

रात्री रेखाटलं. डावीकडे तीन त्रिकोण, उजवीकडे तीन, मधे गल्ली. त्रिकोण बुटके केले की डोंगर दिसतात, फार टोकदार केले की दात दिसतात. पायाच्या तिप्पट उंची ठीक वाटते. आणखी एक गुण: ही रांग हवी तेवढी वाढवता येते. तिकिटावर तीन, दाराशेजारच्या उभ्या पताकेवर पंधरा. एकच शिक्का सगळीकडे उमटवत बसायची गरज नाही.

आणि पानांची मांडणीही सारोंगातूनच मिळाली. पोस्टर, पत्रक, संकेतस्थळ: पाव भाग केपाला, तिथे तुम्पाल आणि नाव, उरलेलं बादान, तिथे वस्तूचं छायाचित्र.

४ एप्रिल

आज चेंग बेंग. बाबा कुटुंबं बुकित चिनावर पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई आणि पूजा करायला गेली आहेत. त्याआधी ईदच्या सुट्या होत्या. बैठक पुढे ढकलली. मण्यांतली चाचणी कारागिराकडून आली: त्रिकोण लहानातल्या लहान आकारातही ओळखू येतात, गल्ली मात्र बुजते. छोट्या आकारासाठी गल्ली रुंद केलेली वेगळी आवृत्ती काढणार.

१५ एप्रिल

विश्वस्तांसमोर सादरीकरण. चिट्टी अंकलनी तुम्पाल पाहून घरातल्या एका जुन्या कापडाचा फोटो फोनवर काढून दाखवला, तोच आकार. जावी पेरानाकान माकचिकनी (मलयमध्ये मावशी) फक्त एवढंच विचारलं की आमची लिपी नावात येणार ना. येणार.

विरोध थोरल्या बाबा विश्वस्तांकडून आला, आणि तो वजनदार होता. ते म्हणाले, “माझ्या आजीच्या लग्नातल्या कामचेंगवर फीनिक्स आहे. ती भांडी युद्धात पुरून ठेवली म्हणून वाचली. संग्रहालयाच्या दारावर फीनिक्स नसेल तर मला ते माझ्या घरचं वाटणार नाही.” खोलीत कोणी बोललं नाही. जपानी ताब्याच्या वर्षांत (१९४२ ते १९४५) किती घरांनी काय काय गमावलं, हे त्या टेबलाभोवती प्रत्येकाला माहीत होतं.

मी माझं म्हणणं सोडलं नाही, पण त्यांचं म्हणणं योग्य जागी बसवलं पाहिजे हे पटलं. चर्चेतून निघालेला तोडगा मला माझ्या मूळ प्रस्तावापेक्षा सरस वाटतो. दारावर तुम्पाल, सगळ्यांचा. आणि प्रत्येक दालनाच्या सुरुवातीच्या फलकावर त्या दालनातल्या एका खऱ्या वस्तूवरची एक खरी आकृती, मूळ आकारात, मोठी न करता. लग्नाच्या दालनात त्यांच्या आजीच्या कामचेंगवरचा फीनिक्स, ज्या बोटभर उंचीचा आहे तेवढाच. कोणत्या घरातून आला हेही खाली लिहायचं. चिट्टी दालनात पार्चूच्या भांड्यावरची रेघ. मग बघणारा फलकावरून कपाटाकडे जाईल आणि तीच आकृती तिथे शोधेल.

बाबा विश्वस्तांनी होकार दिला. बैठक संपल्यावर त्यांनी मला ते भांडं स्वतः उचलून दाखवलं.

२९ एप्रिल ते ९ मे : अक्षरं

पाच लिप्या-भाषा सांभाळायच्या आहेत. मलय रोमन लिपीत, इंग्रजी, चिनी, तमिळ आणि जावी, म्हणजे अरबी लिपीतली मलय. मलेशियात पाट्यांवर मलय भाषा ठळक असावी लागते, त्यामुळे क्रम ठरलेलाच आहे. बाकीचे निर्णय आमचे.

इथल्या छपाईचा इतिहास मला फार उपयोगी पडला. सिंगापुरात १८७६ साली ‘जावी पेरानाकान’ नावाचं मलय वृत्तपत्र जावी लिपीत निघालं, ते याच समाजाच्या लोकांनी काढलं होतं. १८९४ मध्ये सोंग ओंग सियांग यांनी ‘बिंतांग तिमोर’ काढलं, बाबा मलयमध्ये, रोमन अक्षरांत. म्हणजे दोन्ही लिप्या या समाजांच्या छापखान्यांत शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत; त्यांतली कुठलीही ‘शोभेची’ म्हणून वापरायची नाही. नावाच्या फलकावर रोमन आणि जावी सारख्याच वजनाने बसणार.

जावीसाठी अरबी फॉन्ट उचलून चालत नाही. च, ङ, प, ग, व, ञ या उच्चारांसाठी सहा जादा अक्षरं आहेत आणि बऱ्याच फॉन्टांत ग आणि ञ गळतात किंवा ठिपके चुकतात. मराठीत काम केलेल्या माणसाला हे दुखणं नवीन नाही. ‘दर्‍या’मधला र्‍ नीट उमटतो का हे बघितल्याशिवाय मी आजवर कुठलाही देवनागरी फॉन्ट घेतलेला नाही. तीच सवय इथे कामी आली. माकचिकनी नमुने बसून तपासले. मजकुरासाठी नोटो या फॉन्ट-कुटुंबावर थांबलो: पाचही गरजा एकाच जातकुळीत भागतात आणि परवाना खुला आहे, न्यासाला पुढे पैसे मोजावे लागणार नाहीत. शीर्षकांसाठी १९ व्या शतकाच्या अखेरच्या छपाईची आठवण देणारं, जाड-बारीक रेघांत ठळक फरक असलेलं रोमन.

चिनीचा निर्णय सोपा होता. दारावरच्या कोरीव नामफलकांची अक्षरं जुन्या, पूर्ण रूपात. दालनातल्या ओळी सुलभ रूपात, कारण मलेशियातल्या शाळांत तेच शिकवतात. तमिळबद्दल अंकल म्हणाले, आमच्या वस्तीत तमिळ वाचणारे थोडे, पण ती दिसली नाही तर चुकल्यासारखं होईल. मुख्य फलकावर आणि चिट्टी दालनात पूर्ण तमिळ.

शुद्धलेखनावर एक दुपार गेली. १९७२ च्या सुधारणेनंतर प्रमाण मलयचं रोमन लेखन बदललं, पण बाबा मंडळी वस्तूंची नावं अजून जुन्या ढंगाने लिहितात. वस्तूचं नाव घरात जसं लिहितात तसं, चालू मजकूर प्रमाण मलयमध्ये. हे पुस्तिकेत स्पष्ट लिहून टाकलं, नाहीतर नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात ‘दुरुस्त’ करेल.

१७ जून

पाट्या. घरात आत जाताना क्रम असा: रस्त्यालगतची पडवी, अर्ध्या उंचीचं कोरीव दार, बैठक, मग उघडं अंगण, मागे स्वयंपाकघर. दिशादर्शक पाट्या भिंतीत खिळा न मारता लाकडी पायांवर उभ्या करणार. दारावर कोरीव, सोनेरी अक्षरांचा फलक स्थानिक कारागीर करतोय, त्याच्या हाताचं वळण आम्ही बदलणार नाही.

दालनांच्या खुणांसाठी वस्तूंची छोटी रेखाचित्रं: कामचेंग, कासोत, केरोसांग, आणि बैठकीसाठी विड्याचं साहित्य. सिरेहच्या डब्यात चुन्याची डबी, सुपारी आणि ‘काचिप’, म्हणजे अडकित्ताच. तो काढताना संदर्भ लागला नाही.

८ जुलै

कर्मचाऱ्यांचा पोशाख. न्यासातल्या काहींना सगळ्यांना सारोंग-केबाया हवी होती. माझा विरोध नोंदवला. पिएर बाल्मँ यांनी १९६८ मध्ये विमानसेवेसाठी केलेली सारोंग-केबाया इथे सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे, रंगावरून हुद्दा ओळखण्यासकट. गणवेश केला की आमचीही केबाया तशीच दिसणार. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांच्या वतीने केबायाची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. इतक्या जणींनी इतक्या तऱ्हांनी घातलेल्या वस्त्राचा एकच साचा आपण का करावा? ठरलं असं: ज्याला जे आपलं वाटतं ते घालावं, गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीवर तुम्पाल. ज्या बायका घरून स्वतःची केबाया घालून येतील त्यांची केबाया पाहुण्यांनी बघावी, ती संग्रहातल्या कुठल्याही वस्तूइतकीच खरी आहे.

५ ऑगस्ट

छपाईची तपासणी. अपेक्षेप्रमाणे तो सोन्याचा गुलाबी चार रंगांच्या छपाईत येत नाही, मळतो. र्‍होडामाइनच्या (झगझगीत गुलाबी) शाईत किंचित भर घालून स्वतंत्र पाचवा रंग केला. खर्च वाढतो, म्हणून तो फक्त आमंत्रणं, तिकीट आणि दुकानातल्या डब्यांवर. न चकाकणाऱ्या कागदावर तो खोल जातो, ते मला चालेल. संकेतस्थळावर गुलाबीत मजकूर नाही: पांढऱ्यावर तो वाचनीयतेच्या ४.५ : १ या किमान प्रमाणात बसत नाही. मजकूर सगळीकडे गडद निळीत.

सुतकाच्या संचाची चाचणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या तावांवर घेतली. छापखान्याच्या मुख्य कारागिरांनीच सुचवलं, दोन्ही एका तावावर नकोत. ते स्वतः बाबा घराण्यातले.

२८ ऑगस्ट

नियमपुस्तिका न्यासाकडे सोपवली. रंगांच्या पानांवर बीबिकनी केलेले ढीग जसेच्या तसे छापले आहेत, प्रसंगांच्या नावांसह, आणि एकट्या हिरव्याबद्दलची सूचना ठळक अक्षरांत. त्या पानाची मलय प्रत बीबिकनी वाचून दोन शब्द बदलले.

राहिलेलं: तमिळ फलकाचं दुसरं प्रूफ उद्या येईल. कोरीव फलकाला सोन्याचा वर्ख चढायचा आहे, हवा दमट असल्याने कारागिरांनी आणखी आठवडा मागितला आहे. जावी नावातला एक ठिपका पताकेच्या कापडावर शिलाईत दाबला जातोय, म्हणून ओळ थोडी वर घेऊन नवीन फाइल आज रात्री पाठवते.